गुरुवार ताईंचा

सहाही जणींनी पाचपैकी पाच तारे दिले आणि मला असा राग आला की चहाचं भांडं मी जरा आपटूनच ठेवलं. कामांच्या याद्या ठेवणारं माझं ॲप तेव्हा जेमतेम चालत होतं. बटण दाबलं की कधी यादी यायची, कधी नुसता पांढरा पडदा. त्या पांढऱ्या पडद्याकडे दोन-दोन मिनिटं बघत बसून या बायका म्हणाल्या, "छान हाय."

"अहो, पण काय छान आहे?" मी विचारलं.

"सगळंच," काकू म्हणाल्या आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. अलिबागहून आत, पांढऱ्या कांद्याची शेती असलेल्या एका गावात त्यांचं दुमजली घर होतं. वरच्या दोन खोल्या आणि समोरची गच्ची मी भाड्याने घेतली होती. खाली काकू, त्यांचा मुलगा आणि सून. काकू, त्यांची सून, अंगणवाडीतली मदतनीस, किराणा दुकानवाली आणि शेजारशेजारी वेगळ्या राहणाऱ्या दोन जावा, अशा पाच घरांतल्या सहा जणी दर गुरुवारी चार वाजता माझ्या गच्चीवर यायच्या. मी चहा करायचे, त्या फोन काढायच्या, आणि तासभर माझ्या ॲपची परीक्षा चालायची. परीक्षा कसली, सत्कारच. जिच्या घरचा चहा प्यायचा तिच्या कामाला नावं ठेवायची नाहीत, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. मला मात्र नावं ठेवणारं माणूस हवं होतं.

मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. पुण्यात बावीस वर्षं मी दुसऱ्यांची ॲपं तपासली. घटस्फोटाला बारा वर्षं झाली होती, त्यानंतर आई होती, मग आईही गेली. कंपनीने माणसं कमी केली त्यात मीही निघाले, आणि तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याबरोबर हे ॲप काढायचं ठरवलं. छोट्या गटांसाठी, साध्या मराठीत. कोणतं काम, कुणी करायचं, झालं की नाही. एवढंच. तो पुण्यात बसून ते बांधणार, मी माणसांकडून वापरून घेणार. "समुद्राकाठी शांतपणे काम करते," असं सगळ्यांना सांगून मी इथे आले. खरं सांगायचं तर पुण्याच्या त्या घरात संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरणं मला नकोसं झालं होतं.

इथे तरी काय वेगळं होतं म्हणा. शनिवार-रविवारी रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग, सोमवारपासून सगळे बंगले बंद. खालून काकूंच्या घरातली भांडणं आणि हसणं वर ऐकू यायचं. मी शब्द लावायचा प्रयत्न करायचे. दुकानातून एकदम सामान आणायचे नाही. आज काडेपेटी, उद्या मीठ. तेवढंच दोन वाक्यं बोलणं. गुरुवारचा तो एक तास माझ्या घरात माणसांचा आवाज असायचा. त्या गेल्या की सहा कप गच्चीच्या कठड्यावर तसेच पडलेले असायचे. ते मी शुक्रवारी सकाळपर्यंत धूत नसे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सहकाऱ्याने एक अट घातली होती, आणि ती रास्त होती. "छान म्हणणारे नकोत," तो म्हणाला होता. "एक खरा गट, खऱ्या कामासाठी, महिनाभर रोज वापरतोय एवढं दाखव. नाहीतर थांबूया. मला नोकरीचं विचारतायत." थांबलो असतो तर त्याला नोकरी होती. मला इथे राहायला निमित्तच उरलं नसतं. मग मी कोण? काकूंच्या वरच्या मजल्यावर राहणारी एक एकटी बाई, बस. त्या एका महिन्यावर माझं सगळं टांगलेलं होतं.

आमच्या धंद्यात एक नियम असतो. वापरणाऱ्याला मदत करायची नाही, मधे बोलायचं नाही, हात लावायचा नाही. तो अडखळतो कुठे ते नुसतं बघायचं आणि लिहून घ्यायचं. मी त्यात पटाईत. सासरीही बहुतेक मी तेच करत होते, असं माझी एक मैत्रीण म्हणायची.

भात निघून गेलं होतं, कांदा वाढून काढणीला आला होता. मी त्यांना म्हटलं, आता नुसतं दाखवण्यापुरतं नको, तुमची रोजची कामं यात लिहा. काढणी, वाळवण, कांद्याच्या माळा विणणं, त्या रस्त्यावर विकायला नेणं. प्रत्येक कामापुढे ते कोण करणार तिचं नाव टाका. झालं की खूण करा. त्यांनी मान डोलावली. सून फोनमध्ये हुशार, तिने सगळ्यांना शिकवलं.

पहिल्या आठवड्याची यादी बघून मी कपाळाला हात लावला. सोमवारची झाडून सगळी कामं काकूंच्या नावावर. मंगळवारची सगळी किराणावालीच्या. बुधवारी एकटी मदतनीस पाच वाफे कांदा काढणार, वाळवणार, माळा विणणार आणि अंगणवाडीही सांभाळणार! शुक्रवार-शनिवारी दोघी जावा, एकेक दिवस. बाकीच्या जणी त्या त्या दिवशी बसून काय करणार होत्या देव जाणे.

गुरुवारी मी जरा आवाज चढवूनच म्हटलं, "अहो, किती वेळा सांगितलं, काम करणारीचं नाव टाकायचं. बुधवारी ही एकटी मरेल की."

सगळ्या खो खो हसल्या. मदतनीस तर तोंडाला पदर लावून हसत होती.

"एकटी कशाला?" काकू म्हणाल्या. "बुधवारी आमी सगळ्या तिच्याकडं. सोमवारी सगळ्या माझ्याकडं. सावड हाय ना आमची."

"म्हणजे कामाचं नाव जिचं शेत तिचं?"

"मग? काम तिचं हाय. करनाऱ्या तर सगळ्याच."

मला सावड पुस्तकातून माहीत होती. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. कुणी कुणाला काही द्यायचं नाही, जेवण तेवढं जिचं शेत तिच्याकडे. पण माहीत असणं वेगळं आणि ते असं यादीत उभं राहिलेलं बघणं वेगळं. मी हरखून गेले. रात्रीपर्यंत कुठली थांबते, पाचच मिनिटांत सहकाऱ्याला फोन लावला. म्हटलं, आपलं चुकलंय. आपण 'कोण करणार' विचारतो. यांना 'आज कुणाचा वार' एवढंच लागतं. एक वार, एक घर, बाकी सगळे आपोआप आले. तोही खूश झाला. "हे कुठल्याच ॲपमध्ये नाही," म्हणाला. आठ दिवसांत त्याने तसा बदल करून दिला. वरती आठवड्याचे वार, प्रत्येक वारापुढे एक नाव.

आणि काय सांगू, बायका रोज वापरायला लागल्या. संध्याकाळी सातच्या सुमाराला सहाही फोनांवरून खुणा यायच्या. काढणी झाली, वाळत घातले, इतक्या माळा विणल्या. मी वर खुर्चीत बसून त्या खुणा येताना बघायचे. एकेक खूण आली की बरं वाटायचं, कुणीतरी दारावर थाप मारल्यासारखं.

त्याच सुमारास मी एकदा शेतावरही गेले. काम प्रत्यक्ष कसं चालतं ते बघावं म्हणून. सोमवार होता, काकूंचं शेत. सहाही जणी वाफ्यात वाकलेल्या, पात धरून कांदा उपटायचा, माती झटकायची, मागे ठेवायचा. मी बांधावर उभी. पायात बूट, हातात वही.

"आलात?" काकू ओरडल्या. त्यांचा चेहरा अगदी फुलला होता. "या की खाली!"

"नाही नाही, तुमचं चालू द्या. मी फक्त बघायला आलेय."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग परत वाकल्या. मी तिथे दोन तास उभी राहिले आणि चार पानं लिहिली. फोन घरी ठेवून येतात. मधे कुणी कुणाला काम सांगत नाही. जी पुढे गेली ती मागे राहिलेलीच्या वाफ्यात शिरते. दुपारी त्यांनी भाकरी आणि सुकटीचं कालवण काढलं आणि मला हाक मारली. मी म्हटलं, माझा डबा आहे. आंब्याखाली बसून मी पोळी-भाजी खाल्ली. त्यांच्या जेवणात आपली भर कशाला, असं मला वाटलं होतं. मनापासून वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी यादी उघडली तर गुरुवारपुढे नाव होतं, 'ताई'. म्हणजे मी. गट सुरू करून देताना मी स्वतःलाही त्यात घातलं होतं, त्यामुळे माझं नाव निवडता येत होतं. मला वाटलं, गुरुवारी माझ्याकडे यायचं हे लक्षात राहावं म्हणून टाकलंय. गंमत वाटली. पण ॲप बनवणारीचं नाव वापरणाऱ्यांत मिसळलं की आकडे बिघडतात. सहा जणी वापरतात की सात, कोण खरी, कोण खोटी, सगळा घोळ. मी ते नाव काढून टाकलं.

पुढच्या आठवड्यात ते परत आलं. गुरुवार, ताई. मी परत काढलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सहकाऱ्याला आकडे दाखवायला नऊ दिवस राहिले होते, आणि या बायका ऐकतच नव्हत्या. त्या गुरुवारी चहा ओतता ओतता मी सुनेला म्हटलं, "हे बघ, माझं नाव वारात घालत जाऊ नका. मी तुमच्यातली नाही. कळलं का? तुमच्या सहा जणींचंच राहू दे."

सून काकूंकडे बघायला लागली.

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी चहा संपवला. त्या दिवशी मी ॲपमध्ये काय अडतं विचारलं, तर सगळ्या नेहमीप्रमाणेच म्हणाल्या, छान हाय. जाताना किराणावालीने सगळ्यांचे कप गोळा केले आणि नळाखाली धुऊन पालथे घातले. आजवर कधी तिने असं केलं नव्हतं. मी म्हटलं, अहो राहू द्या, पण तोवर तिचे धुऊन झाले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकही खूण आली नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं असेल. शनिवारीही नाही. सोमवारी नाही. मी सहकाऱ्याला थापा मारल्या, की सण आहे, लग्न आहे. गुरुवारी मी कांदाभजी तळली. चार वाजले, साडेचार झाले. गच्चीवरून मला खालचं अंगण दिसत होतं. पाच वाजता त्या सगळ्या रस्त्याने येताना दिसल्या, हसत, मातीच्या पायांनी. मी उठून उभी राहिले. त्या काकूंच्या ओटीवर थोडं टेकल्या, पाणी प्यायल्या आणि आपापल्या घरी गेल्या. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं नाही. मी सगळी भजी एकटीने खाल्ली, रागाने. आणि मग रडले. राग कमी, रडू जास्त, असंच ते होतं.

चार दिवस मी तोंड फुगवून बसले. शेवटी सोमवारी संध्याकाळी खाली उतरले. काकू ओटीवर एकट्याच माळ विणत होत्या, वाळलेल्या पातीची वेणी घालत घालत.

"काकू, तुम्ही येणं बंद केलंत. फोनवर खुणाही करत नाही. माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा ना. महिनाभर मी तेच विचारतेय, चुकतंय काय ते सांगा."

"चुकलं न्हाय वो काय," काकू अगदी सहज म्हणाल्या. "तुमचा वार काढला आमी. मग यायचं कशाला?"

"माझा वार?"

"गुरुवार. आमी सगळ्या तुमच्याकडं राबायला येत व्हतो ना. तुमचं काम फोनचं. ते बी आमाला कुठं येतंय, पर शिकलो. रोज संध्याकाळी त्या खुना करायच्या, हात दुखत असतेत, पर तुमचं काम हाय म्हणून करत व्हतो."

मी पायरीवर बसले. "म्हणजे तुम्हाला ते लागत नव्हतं?"

"आमाला कशाला लागतंय? उद्या कुनाकडं जायचं ते ठावं असतंय की."

महिनाभर ज्याच्यासाठी मी जिवाचं रान केलं ते मत मला एका दमात मिळालं होतं. पण मला त्याचं काही वाटेना. मला वेगळंच काहीतरी कळायला लागलं होतं.

"काकू, मग मी तुमच्याकडे यायला हवं होतं?"

त्यांनी माळ खाली ठेवली नाही. "आपसूक येतेत लोकं. त्या दिवशी बांधावर आलात तवा मी म्हटलं सुनंला, आल्या बघ ताई. मी तुमच्यासाठी वाफ्यात कांद्याची एक वळ उपटायची सोडून ठेवली व्हती. पर तुमी उभ्याच."

"मला एकदा सांगायचं तरी!"

"सावडीला बोलवनं नसतंय ताई. येतो तो येतो. तरी बी वार तुमचा ठेवला व्हता, म्हटलं शहरातल्या हायेत, येतील हळूहळू. मग तुमीच म्हनालात." त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. मला माझ्याच आवाजात ते ऐकू आलं, चहा ओततानाचं.

मी म्हटलं, "काकू, मी ते ॲपबद्दल म्हणत होते."

"असंल," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, हात जोडले असते, काहीतरी केलं असतं. जेवायची वेळ झाली तशा त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, वर जा, डास चावतील.

मी सहकाऱ्याला फोन केला. म्हटलं, थांबूया, त्यांना त्याची गरज नाही. तो चांगला माणूस आहे, समजावत राहिला, दुसरा गट शोधू म्हणाला. मी नको म्हटलं. ते ॲप बंद होण्याचं मला इतकं कमी दुःख झालं की माझं मलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी किराणावालीच्या अंगणात जाऊन उभी राहिले. मंगळवार, म्हणजे तिचा वार. शेतातलं काम संपलं होतं, आता माळाच विणायच्या राहिल्या होत्या. बूट घातले नव्हते, वही नेली नव्हती. सुनेने जरा सरकून जागा दिली. मदतनीस तापाने पडली होती, म्हणून शेजारच्या वाडीतली एक बाई मजुरीवर बोलावलेली होती. मी तिच्या आणि सुनेच्या मधे बसले.

दिवसभर मी विणलं. माझ्या माळा मधेच सुटत होत्या. सून त्या घ्यायची, उसवायची, परत विणायला द्यायची. दुपारपर्यंत बोटांची सालं निघाली. जेवायला मी त्यांच्याबरोबर पंगतीत बसले, दोन भाकऱ्या खाल्ल्या, मोठ्या जावेने मुद्दाम माझ्या ताटात कालवण वाढलं. चेष्टामस्करी चालू होती, मीही एकदोनदा बोलले आणि त्या हसल्या. कितीतरी वर्षांत मी इतक्या बायकांत बसून जेवले नव्हते. मला वाटलं, जमलं. उशीर झाला, पण जमलं.

पाच वाजता काम आवरलं. अंगण झाडून झालं. किराणावालीने आत जाऊन निवडून चार चांगल्या माळा आणल्या, मोठ्या, एकसारख्या कांद्यांच्या. दोन तिने मजुरीवर आलेल्या बाईच्या हातात दिल्या. दोन माझ्या हातात दिल्या.

"मला कशाला?" मी म्हटलं. "मला नको. खरंच नको."

"असं कसं," ती हसून म्हणाली. मनापासून हसली. "दिवसभर राबलात. बाहेरच्या मानसाला आमी रिकामं पाठवत न्हाय."

मी काकूंकडे बघितलं. त्या पदराने हात पुसत होत्या. त्या, सून आणि दोघी जावा, चौघींच्या हातात काहीच नव्हतं. उद्या मदतनिसीचा वार, ती उठली नाही तरी तिच्याकडे जायचंच, सकाळी लवकर निघायचं, असं बोलत त्या रस्त्याला लागल्या. मी दोन्ही माळा खांद्यावर घेतल्या आणि त्यांच्या मागून घरी आले.